तक्त्यावरचा रिले आणि पेटीतला रिले

तांत्रिक विषय शिकवणाऱ्या शाळांच्या कार्यशाळेत आणि बहुतेक आयटीआयमध्ये एक तक्ता हमखास टांगलेला दिसतो. तीन-फेज मोटारीचा डी.ओ.एल. स्टार्टर, म्हणजे मोटार थेट पुरवठ्यावर चालू करणारी पेटी. वरून लाल, पिवळी आणि निळी अशा तीन जाड रेषा येतात, फ्यूजमधून कॉन्टॅक्टरमध्ये शिरतात, त्याखाली तीन छोट्या वळणांतून जातात आणि एका वर्तुळात संपतात. ते वर्तुळ म्हणजे मोटार. बाजूला बारीक रेषांनी हिरवे बटण, लाल बटण आणि कॉन्टॅक्टरची कॉइल दाखवलेली असते. त्या तीन वळणांशेजारी 'ओव्हरलोड रिले' एवढे दोनच शब्द.

हा तक्ता आम्ही विद्यार्थी असताना जर्नलमध्ये उतरवला, त्याला दहापैकी नऊ गुण मिळवले, आणि पुढे शिक्षक झाल्यावर तोच शेकडो मुलांकडून उतरवून घेतला. त्यात काही उणे आहे असे कधी मनात आले नाही. पण आमच्या शाळेच्या विहिरीवरची ५ अश्वशक्तीची मोटार दोन उन्हाळ्यांत दोनदा जळली. दुसऱ्यांदा मोटार भरायला नेली तेव्हा वाइंडिंग करणाऱ्या कारागिराने काळ्या पडलेल्या तारा हातात घेऊन विचारले, "गुरुजी, पेटीत रिले नाही का?" रिले होता. परत येऊन आम्ही पेटी उघडली आणि तक्ता शेजारी धरून एकेक तार ताडून पाहिली. एकही तार चुकलेली नव्हती. म्हणजे तक्त्याप्रमाणे सारे बिनचूक, आणि मोटार मात्र जळलेली. तेव्हा एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या तक्त्याचे करायला हवे, असे आम्हाला वाटले.

आधी त्याच्या जमेची बाजू सांगायला हवी. हा तक्ता दोन परिपथ वेगळे दाखवतो. जाड रेषांचा परिपथ मोटारीला वीज पुरवतो, तर बारीक रेषांचा परिपथ फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलला. रिलेची तीन वळणे जाड परिपथात आहेत, पण रिले जे तोडतो ते संपर्कबिंदू बारीक परिपथात आहेत. त्यांवर ९५ आणि ९६ हे आकडे असतात. वर्गात आम्ही नेहमी विचारतो, "अतिभार झाला तर मोटारीचा प्रवाह कोण तोडतो?" निम्म्याहून अधिक मुले "रिले" असे उत्तर देतात. ते चूक आहे. रिले फक्त ९५-९६ उघडतो, त्यामुळे कॉइलचा प्रवाह थांबतो, कॉइलचे चुंबकत्व जाते, कॉन्टॅक्टर सुटतो आणि मोटारीचा प्रवाह तोडण्याचे काम कॉन्टॅक्टर करतो. हे ज्याला उमगले त्याला पुढचा एक धोकाही उमगतो. कॉन्टॅक्टरचे संपर्क वितळून चिकटले असतील, तर रिले कितीही इमानाने पडला तरी मोटार चालूच राहणार. हा विचार करायला जागा तक्त्यात आहे, आणि चांगला शिक्षक ती वापरतो.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की या तक्त्यात काळ नाही. ती तीन वळणे कुठल्याही क्षणी सारखीच दिसतात. त्यामुळे मुले रिलेला एक प्रकारचा फ्यूज समजतात: प्रवाह ठरावीक मर्यादेपुढे गेला की तुटणार. तसे असते तर कोणतीही मोटार कधी सुरूच झाली नसती. पिंजरा-रोटरची साधी मोटार थेट चालू केली, की पहिल्या क्षणी ती पूर्णभार प्रवाहाच्या सहा-सात पट प्रवाह घेते. रोटर वेग घेईपर्यंत, म्हणजे पंपाच्या बाबतीत एक-दोन सेकंद आणि जड चाकाच्या यंत्राच्या बाबतीत दहा-पंधरा सेकंदसुद्धा, हा प्रवाह टिकतो. रिलेने तो निमूटपणे जाऊ द्यायचा असतो. उलट पूर्णभाराच्या फक्त सव्वापट प्रवाह तासभर वाहत राहिला, तर मात्र त्याने मोटार थांबवायला हवी. मोठा प्रवाह थोडा वेळ चालेल, लहान वाढ फार वेळ चालणार नाही, हे त्या वळणाला कळते कसे?

ते वळण म्हणजे एक द्विधातू पट्टी आणि तिला तापवणारी तार असते. वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणारे दोन धातू एकमेकांना घट्ट जोडलेले असतात. पट्टी तापली की ती कमी प्रसरण पावणाऱ्या धातूच्या बाजूला वाकते. अशी पट्टी प्रथम जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने अठराव्या शतकात आपल्या तिसऱ्या सागरी घड्याळात वापरली, ती तापमानामुळे घड्याळाच्या चालीत पडणारा फरक भरून काढण्यासाठी. पुढे १८९६ मध्ये शार्ल एदुआर गीयोम यांनी सुमारे ३६ टक्के निकेल असलेले इन्व्हार हे मिश्रलोह शोधले. नेहमीच्या तापमानात त्याचे प्रसरण पितळेच्या पंधराव्या भागाहूनही कमी असते. या कामासाठी त्यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा मिश्रलोहामुळे थोड्या तापमानवाढीलाही पट्टी भरपूर वाकू लागली.

वर्गात हे दाखवायला चॉकलेटवरचा कागद पुरतो, एका बाजूने कागद आणि दुसऱ्या बाजूने ॲल्युमिनियम असलेला. त्याची बोटभर रुंदीची पट्टी कापून मेणबत्तीच्या ज्योतीपासून वीतभर उंचीवर चिमट्यात धरा. ती कागदाच्या बाजूला वळते. एक सूचना मात्र द्यायला हवी. इथे ॲल्युमिनियम प्रसरण पावते हे खरे, पण कागदातला ओलावा जाऊन कागद आकसतो हेही खरे, आणि दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने होतो. म्हणून गार झाल्यावर पट्टी लगेच पूर्ण सरळ होत नाही. चिकित्सक मुले हे विचारतातच.

तर, तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह सहापट तर उष्णता छत्तीसपट. पट्टी झपाट्याने तापू लागते, पण तिलाही वस्तुमान आहे, तापायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात मोटार वेग घेते व प्रवाह उतरतो. मोटारीच्या वाइंडिंगमध्येही नेमके हेच चाललेले असते. तिथेही तांब्याची तार आहे, तिथेही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात आहे, आणि तिथेही तापायला व निवायला वेळ लागतो. म्हणजे रिले ही मोटारीच्या तापण्याची एक छोटी प्रतिकृती आहे. विहिरीवर मोटार तापत असते तेव्हा भिंतीवरच्या पेटीत तिची ही प्रतिकृती त्याच चालीने तापत असते, आणि प्रतिकृती ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की ती मूळ मोटारीला थांबवते. तक्त्यावर ही कल्पनाच नाही. ती नसली की पुढचा प्रत्येक निर्णय अंदाजाने घेतला जातो, आणि आम्ही तो तसाच घेतला होता.

प्रतिकृती किती चपळ असावी यासाठी वर्ग ठरवलेले आहेत. आयएस/आयईसी ६०९४७-४-१ या मानकानुसार, गार अवस्थेत लावलेल्या आकड्याच्या ७.२ पट प्रवाह सोडला, तर वर्ग १० चा रिले ४ ते १० सेकंदांत, वर्ग २० चा ६ ते २० सेकंदांत आणि वर्ग ३० चा ९ ते ३० सेकंदांत पडला पाहिजे. रिले आधीच तापलेला असेल तर हा वेळ बराच कमी होतो. पडलेला स्टार्टर लगेच पुन्हा चालू केला तर तो का टिकत नाही, याचे उत्तर यातच आहे. पंपाला वर्ग १० पुरतो. मोठा पंखा, दगडफोडीचे यंत्र, जड चाकाचा प्रेस यांना वेग घ्यायला वेळ लागतो, त्यांना वर्ग २० किंवा ३० लागतो. पण मोटारीलाही तेवढा वेळ तो प्रवाह सोसता आला पाहिजे. रिले मंद घेतला म्हणून मोटार सोशिक होत नाही.

दुसरी तक्रार: तक्त्यावर एकही आकडा नाही. रिलेच्या तोंडावर एक लहान तबकडी असते, स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायची. तिच्यावर अँपिअरचे आकडे असतात. तक्त्यावर ही तबकडीच नाही! म्हणजे ज्या एका गोष्टीवर माणसाने निर्णय घ्यायचा, नेमकी तीच गायब.

आमच्या मोटारीचा हिशोब मांडू. मोटारीवरच्या पाटीवर ५ अश्वशक्ती, ३.७ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर असे लिहिले होते. पेटीतल्या रिलेची कक्षा ६ ते १० अँपिअर. निवड योग्य होती; ७.५ हा आकडा कक्षेच्या मध्याजवळ पडतो, खाली-वर दोन्हीकडे जागा राहते. तबकडी ७.५ वर लावायला हवी. पुष्कळ वायरमन "थोडी सैल असू दे" म्हणून दहा टक्के वाढवून लावतात. ही सैल मानकाने आधीच दिलेली आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. लावलेल्या आकड्याच्या १.०५ पट प्रवाहाला रिले दोन तास पडता कामा नये आणि १.२ पट प्रवाहाला दोन तासांच्या आत पडलाच पाहिजे, अशी अट आहे. म्हणजे ७.५ वर लावलेला रिले ९ अँपिअरपर्यंतच्या प्रवाहाला वेळ देतोच. त्यात आणखी दहा टक्के घातले की तांब्यातली उष्णता एकवीस टक्के वाढायला मोकळीक मिळते.

आता कबुली. त्या उन्हाळ्यात संध्याकाळी पाण्याच्या वेळी स्टार्टर दर तास-दीड तासाने पडत असे. रिसेट करायला माणूस विहिरीवर पिटाळावा लागे. एके दिवशी वैतागून आम्हीच स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि तबकडी टोकाला, १० वर नेऊन ठेवली. स्टार्टर पडायचा थांबला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि रिले "नाजूक" होता असा निष्कर्ष निघाला.

पुढे मोटार जळल्यावर आम्ही संध्याकाळी व्होल्टमीटर लावून पाहिला. दोन फेजमध्ये ४१५ ऐवजी ३५० व्होल्टच मिळत होते. पंपाला पाणी तेवढेच उचलायचे, काम तेवढेच. दाब कमी झाला की मोटार प्रवाह वाढवून ते काम पुरे करते. ७.५ ला ४१५ ने गुणून ३५० ने भागले तर सुमारे ८.९ अँपिअर येतात, आणि चिमटा-मीटरवर जवळपास तेवढेच आले. ८.९ म्हणजे ७.५ च्या सुमारे १.१९ पट. दोन तासांच्या आत पडणारा रिले तास-दीड तासाने पडत होता, म्हणजे अगदी मानकात सांगितल्याप्रमाणे वागत होता! आम्ही तबकडी १० वर नेल्यावर त्याच्या दृष्टीने ८.९ हा प्रवाह सुरक्षित झाला. मोटारीच्या दृष्टीने मात्र तांब्यातली उष्णता १.४१ पट होती. १० वर लावलेला रिले १२ अँपिअरला नक्की पडेल, १०.५ ला पडणार नाही. आणि या मोटारीला १०.५ अँपिअर म्हणजे जवळजवळ दुप्पट उष्णता.

वाइंडिंगवरचे रोधक आवरण अशा वेळी एकदम जळत नाही, ते म्हातारे होते. ब वर्गाच्या आवरणाची मर्यादा १३० अंश सेल्सिअस, फ वर्गाची १५५. मर्यादेपुढे दर दहा अंशांना आयुष्य निम्मे होते असा एक ढोबळ नियम आहे. वीस अंश जास्त म्हणजे चतुर्थांश आयुष्य. म्हणून तबकडी फिरवल्याच्या दिवशी काहीच होत नाही. मोटार जळते ती काही महिन्यांनी, आणि तोवर तबकडी कुणी फिरवली हे सगळे विसरलेले असतात. आम्हीही विसरलो होतो. तसे नसते तर दुसऱ्या उन्हाळ्यात भरून आणलेली मोटार त्याच १० च्या आकड्यावर चालू केली नसती.

प्रतिकृतीच्या मर्यादाही इथेच सांगायला हव्यात, कारण तक्ता त्या सांगत नाही आणि रिले विकणारेही क्वचितच सांगतात. आमची मोटार विहिरीच्या काठावर पत्र्याच्या शेडमध्ये आहे आणि स्टार्टर शाळेच्या व्हरांड्यात, सावलीत. रिलेमध्ये आणखी एक द्विधातू पट्टी असते. ती पेटीभोवतीच्या हवेच्या तापमानाचा परिणाम काढून टाकते. त्यामुळे व्हरांड्यात थंडी असो की उकाडा, रिले साधारण सारखाच वागतो. पण मे महिन्यात पत्र्याखाली हवा किती तापली आहे, मोटारीच्या पंख्याच्या जाळीत गवत अडकले आहे की नाही, यातले त्याला काही कळत नाही. तो फक्त प्रवाह पाहतो आणि त्यावरून तापमानाचा अंदाज करतो. खुद्द तापमान जाणून घ्यायचे तर वाइंडिंगमध्ये थर्मिस्टर बसवावा लागतो. मोठ्या मोटारींमध्ये तो असतो, शेतीच्या मोटारीत सहसा नसतो.

तिसरी तक्रार तीन वळणांबद्दलच आहे. तीन का? विद्यार्थ्याला वाटते, फेज तीन म्हणून. पण यामागे एका फेजच्या अनुपस्थितीचा प्रश्न आहे, आणि आपल्याकडे गावोगावी मोटारी जळतात त्या बऱ्याचदा याच कारणाने. एक फ्यूज उडाला किंवा खांबावरची एक तार सुटली, तर चालती मोटार उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते. त्रिकोणी जोडणीच्या मोटारीत अशा वेळी काय होते, हे बारावीच्या विद्यार्थ्याने फळ्यावर करून पाहण्यासारखे आहे. एक वाइंडिंग दोन जिवंत तारांच्या थेट मध्ये येते. बाकीची दोन एकामागोमाग जोडली जाऊन त्याच दोन तारांच्या मध्ये येतात. प्रवाह २:१ असा विभागला जातो. पूर्ण भाराला तारेत ७.५ अँपिअर असताना प्रत्येक वाइंडिंगमध्ये ४.३३ अँपिअर असतात (७.५ भागिले १.७३२). आता एक फेज गेली आहे आणि भार असा आहे की तारेतला प्रवाह पुन्हा ७.५ च भरतो. तर एका वाइंडिंगमध्ये ५ अँपिअर जातात आणि उरलेल्या दोहोंत २.५. पहिल्या वाइंडिंगचा प्रवाह नेहमीच्या १.१५ पट, उष्णता १.३३ पट. रिलेच्या दोन पट्ट्या ७.५ पाहतात, तिसरी गार. साधा रिले म्हणेल, सारे ठीक आहे.

मोटार पूर्ण भारावर असती तर फेज गेल्यावर तारेतला प्रवाह १.७३ पट होऊन, म्हणजे सुमारे १३ अँपिअरवर जाऊन, रिले काही मिनिटांत पडला असता. म्हणून अशा प्रसंगी पूर्ण भाराची मोटार वाचते आणि निम्म्याहून थोड्या जास्त भाराची जळते. मुलांना हे आधी पटत नाही. जळालेली मोटार उघडल्यावर एकाच फेजची वेटोळी काळी आणि बाकीची तांबूस दिसली, तर त्रिकोणी जोडणीत हेच घडले असे समजावे.

यावर उपाय म्हणून चांगल्या रिलेत तीन पट्ट्या एकाच दांडीला ढकलत नाहीत. दोन सरकत्या पट्ट्या असतात आणि त्यांना जोडणारी एक तरफ. तिन्ही द्विधातू पट्ट्या सारख्या वाकल्या तर दोन्ही सरकपट्ट्या सारख्या सरकतात. एक गार राहिली तर ती एका सरकपट्टीला मागे धरून ठेवते, आणि त्या फरकामुळे तरफेचे टोक एरवीपेक्षा जास्त सरकते. साध्या रिलेने दोन ध्रुवांत १.३२ पट आणि तिसऱ्यात शून्य प्रवाह असताना दोन तासांत पडायचे असते. तरफवाल्याने तेच १.१५ पट प्रवाहाला. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या आणि टाचण्या घेऊन ही तरफ वर्गात करता येते. आमच्या नववीच्या मुलांनी एका तासात केली. रिले विकत घेताना तो फेज-लोप ओळखणारा आहे का, हे विचारून घ्यावे. किमतीत फरक पडतो, पण मोटार भरण्याच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

याच तरफेमुळे जोडणीची एक वेगळी अडचण येते, ती तक्त्यावर अर्थातच नाही. असा रिले एक-फेज मोटारीला वापरायचा तर फक्त एकाच पट्टीतून प्रवाह नेऊन चालत नाही; बाकीच्या दोन गार राहतात आणि रिले विनाकारण पडतो. प्रवाह तिन्ही पट्ट्यांतून एकामागोमाग न्यावा लागतो. दुसरे असे की, तीन-फेज पुरवठा नसताना कॅपॅसिटर लावून दोन फेजवर पंप चालवण्याची रीत महाराष्ट्रात सर्रास आहे. तिन्ही तारांतले प्रवाह असमान होतात, फेज-लोप ओळखणारा रिले पडतो, आणि मग कोणीतरी ९५ आणि ९६ यांवर तारेचा एक तुकडा टाकून देतो. असे तुकडे आम्ही अनेक पेट्यांत पाहिले आहेत. पाणी हवे असते आणि वीज मिळते ती मध्यरात्री, तेव्हा तो टाकणाऱ्याला आम्ही मूर्ख म्हणणार नाही. पण त्यानंतर पेटीत रिले आहे असे म्हणण्यात अर्थ नाही.

आता बारीक रेषांच्या परिपथाकडे. आमच्या तक्त्यावर बटणे फेजच्या बाजूला आणि ९५-९६ कॉइलच्या पलीकडे, न्यूट्रलच्या बाजूला दाखवले आहेत. कॉइल आणि ९५ यांमधली तार घासून पेटीच्या पत्र्याला लागली, तर कॉइलचा प्रवाह जमिनीतून परतू शकतो. रिले पडतो, ९५-९६ उघडतात, आणि तरीही कॉन्टॅक्टर सुटत नाही. ९५-९६ फेजच्या बाजूला, थांबवण्याच्या बटणाशेजारी घेतले की हा धोका टळतो. तार तेवढीच लागते. तक्ता काढणाऱ्याने रेषा सरळ याव्यात म्हणून तसे केले असावे. पण मुले तो तक्ता पाठ करून बाहेर पेट्या जोडतात.

रिसेटच्या लहानशा खटक्याबद्दल मात्र आम्हाला जोर देऊन बोलायचे आहे. पुष्कळ रिलेंवर 'हाताने' आणि 'आपोआप' असे दोन पर्याय असतात. आपोआप ठेवले तर पट्ट्या निवल्यावर ९५-९६ पुन्हा मिळतात. हिरव्या बटणाच्या जोडणीत तेवढ्याने मोटार सुरू होत नाही, कारण कॉन्टॅक्टर सुटताना त्याचा स्वतःला धरून ठेवणारा संपर्कही उघडलेला असतो. पण टाकीतल्या तरंगत्या स्विचवर किंवा विहिरींवर सर्रास दिसणाऱ्या 'ऑटो'वर जोडलेली मोटार काही मिनिटांनी आपण होऊन सुरू होते. मोटार का थांबली हे पाहायला माणूस जवळ गेलेला असतो, आणि पिठाच्या गिरणीत त्याचा हात पट्ट्यावर असतो. म्हणून शाळेच्या कार्यशाळेत हा खटका 'हाताने' यावरच असला पाहिजे. पडलेला रिले ९७-९८ हे दुसरे संपर्कबिंदू मिळवतो; त्यांवर एक दिवा लावला की लांबून कळते. आणि रिसेटचे बटण दाबून धरल्याने रिलेला पडण्यापासून रोखता येत नाही, यंत्रणा मुद्दामच तशी केलेली असते. हे मुलांना करून दाखवावे, नाहीतर ती तसा प्रयत्न करतातच.

तारा-त्रिकोण स्टार्टरचा तक्ता शेजारीच टांगलेला असतो, त्याबद्दल एकच गोष्ट. तिथे रिले बहुधा वाइंडिंगच्या परिपथात असतो, मुख्य तारेत नसतो. १० अश्वशक्तीच्या मोटारीच्या पाटीवर १४ अँपिअर असतील तर तबकडी ०.५८ पट, म्हणजे सुमारे ८.१ वर लावायची. ती १४ वर लावलेली आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे, आणि लावणाऱ्याने पाटी नीट वाचलेली होती. तक्त्यावर या ०.५८ चा उल्लेख नसेल तर त्याने तो कुठून आणायचा?

फ्यूजबद्दल थोडक्यात. मोटारीच्या तारा एकमेकींना भिडल्या तर प्रवाह शेकडो-हजारो अँपिअरवर जातो. रिले त्यासाठी बनवलेला नाही. पट्टी वाकायच्या आधी तिची तापणारी तारच वितळेल. तो प्रवाह वरच्या फ्यूजने काही सहस्रांश सेकंदांत तोडायचा असतो. रिले बनवणारे कोणत्या रिलेवर जास्तीत जास्त किती अँपिअरचा फ्यूज चालेल याचा तक्ता देतात, तो पाहूनच फ्यूज घ्यावा. आमच्या पेटीत फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार होती, हे सांगायला संकोच वाटतो.

आता इलेक्ट्रॉनिक रिले आले आहेत. त्यांत द्विधातू पट्टी नसते. छोटे ट्रान्सफॉर्मर प्रवाह मोजतात आणि एक चिप हिशोब ठेवते. पण ती चिप मोटारीच्या तापण्या-निवण्याचाच हिशोब ठेवते. पट्टीची जागा आकड्यांनी घेतली, कल्पना तीच राहिली. तबकडीही राहिली, आणि ती टोकाला फिरवण्याची सोयही.

आम्ही ब्राऊनपेपरवर नवा तक्ता काढला आहे. त्यात तबकडी आहे, तिच्यावर ७.५ आहे, ९५-९६ फेजच्या बाजूला आहेत, आणि उजव्या कोपऱ्यात एक आलेख: आडव्या अक्षावर प्रवाह, उभ्या अक्षावर पडायला लागणारा वेळ, सेकंदांपासून तासांपर्यंत. वर्गात एका मुलीने विचारले, "रिले बरोबर होता, तर मग संध्याकाळी पाणी कसं चढवायचं?" याचे उत्तर तक्त्यात नव्हते. तबकडी ७.५ वर आणल्यापासून संध्याकाळी स्टार्टर पुन्हा पडू लागला आहे. आता आम्ही पहाटे पाचला पंप चालवतो. तेव्हा दाब ४०० व्होल्टच्या आसपास असतो. ज्या दिवशी पहाटे वीज नसते त्या दिवशी टाकी अर्धीच राहते, आणि मधल्या सुट्टीत नळावर रांग लागते.